चिंतामणराव देशमुख, लोकसभा आणि १९५६ चे विधेयक

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'तारांकित प्रश्न' हे शब्द कानी पडले की अजूनही सावरून बसावेसे वाटते. अधिवेशन सुरू झाले की भोपाळहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तहसिलीला तो कागद येई, आणि बाकीची सर्व कामे बाजूला पडत. आम्हीही असे पुष्कळ कागद हाताळले. माहिती हाती असली तर उत्तर जाई. नसली तर 'जानकारी एकत्रित की जा रही है' एवढे एक वाक्य जाई आणि त्यावर ते अधिवेशन निभावत असे. या वाक्याच्या आड किती गोष्टी सुखाने निजल्या आहेत, हे आम्हां निवृत्तांना पक्के ठाऊक आहे. असो.

उत्तर देणे हीदेखील एक विद्या आहे. ती आपल्या जुन्या प्रांतात शिकून दिल्लीला नेणारा एक मोठा माणूस होऊन गेला, आणि आपल्या सौंसर तहसिलीचे भवितव्य ज्या विधेयकाने ठरले त्याच विधेयकाच्या काळात तो अर्थमंत्र्याच्या आसनावर बसलेला होता. त्या चिंतामणराव देशमुखांविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले आणि त्यांची नेमणूक झाली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात. म्हणजे आपलाच प्रांत. छिंदवाडा हा त्यातला एक जिल्हा. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी या प्रांताची चाकरी केली. रायपूरला ते डेप्युटी कमिशनर व बंदोबस्त अधिकारी होते. नागपूरच्या सचिवालयात त्यांनी महसूल आणि अर्थ या दोन्ही खात्यांचे सचिवपद सांभाळले. १९३५ च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशांची वाटणी ठरविण्यासाठी सर ऑटो नीमायर यांची चौकशी झाली, तेव्हा आपल्या गरीब प्रांताची बाजू मांडणारे निवेदन त्यांनीच तयार केले होते. ज्याने बंदोबस्ताचे काम केले आहे त्याला शेत, सारा आणि कर्ज यांचे आकडे कोरडे वाटत नाहीत. आमची अशी समजूत आहे की लोकसभेत पुढे जे अर्थमंत्री दिसले त्यांची घडण या कामात झाली. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले, १९४३ साली तिचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, १९५० साली अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

त्या लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. हे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, पण अहमदाबादेत स्थायिक झालेले. परप्रांतात राहून तिथलेच होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा. ज्या प्रश्नाला सभासद तारांकन मागतो त्याचे उत्तर तोंडी द्यावयाचे. बाकीच्यांची उत्तरे लेखी. लेखी उत्तर खात्यातला कारकूनही सिद्ध करतो, पण तोंडी उत्तरावर जे उपप्रश्न येतात तिथे मंत्र्याची परीक्षा असते. पुष्कळ प्रश्न उपमंत्र्यांवर सोपविता येत असले तरी धोरणाचा प्रश्न आला की उठावे लागे ते चिंतामणरावांनाच.

आणि प्रश्नांना तोटा नव्हता. पहिली पंचवार्षिक योजना आरंभी २,०६९ कोटी रुपयांची होती, ती वाढत २,३७८ कोटींवर गेली. हा पैसा कुठून येणार, तुटीचा अर्थभरणा केल्यास महागाई वाढणार नाही काय, सुशिक्षितांच्या बेकारीचे काय, हे सारे सभागृहात यायचे. शिवाय त्यांच्या खात्याची विधेयके एकामागून एक रांगेत उभी होती. मृत्युकराचा कायदा १९५३ साली झाला. कंपन्यांचे विधेयक त्याच वर्षी मांडले गेले आणि ६५८ कलमांचा तो प्रचंड कायदा १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. नाण्यांच्या कायद्यातील दुरुस्ती १९५५ ची. तिच्यामुळे १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले.

आपल्या भागाला जवळचा विषय म्हणजे ग्रामीण पतपुरवठ्याचा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने देशभर पाहणी करून १९५४ साली अहवाल दिला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यापैकी शेकडा ३ च्या आसपास सहकारी संस्थांकडून येते, व्यापारी बँकांकडून शेकडा १ सुद्धा नाही, आणि शेकडा ७० च्या सुमारास सावकारांकडून, असे त्यात दिसून आले. कापूस पेरणाऱ्या किंवा संत्र्याचा बगीचा लावून पहिल्या बाराची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे आकडे वाचण्याची गरज नव्हती. तो ते भोगीत होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिंतामणरावांनी सरकारचा स्वीकार लोकसभेत जाहीर केला, आणि १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर होते. सभागृहात दिलेला शब्द सात महिन्यांत कायद्यात उतरला, ही गोष्ट आमच्यासारख्या फायलीत मुरलेल्या माणसाला आजही नवलाची वाटते.

विम्याचे प्रकरण निराळे. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी खासगी विमा कंपन्यांतील गैरव्यवहार लोकसभेत उघडे केले. त्यानंतर १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने सरकारने आयुर्विमा धंद्याचे व्यवस्थापन एकदम ताब्यात घेतले, आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून ते देशाला सांगितले. देशी-विदेशी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था त्यात आल्या. मावळंकरांचा वटहुकुमांना तत्त्वतः विरोध असे. १९५४ साली त्यांनी पंडित नेहरूंना तसे लिहिलेही होते. आमच्या मते तत्त्व मावळंकरांचे खरे, परंतु या एका प्रकरणी चिंतामणरावांचे चुकले नाही. आधी विधेयक मांडून चर्चा केली असती तर ती संपेपर्यंत कित्येक तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या. पुढे रीतसर कायदा होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. तो दिवस पाहायला मावळंकर नव्हते. फेब्रुवारीतच ते निवर्तले होते. आणि चिंतामणरावही तोवर मंत्री उरले नव्हते.

कारण त्याच जानेवारीत, विम्याच्या घोषणेच्या तीनच दिवस आधी, १६ तारखेला पंडितजींनी आकाशवाणीवरून सांगितले होते की मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राकडे राहील. मुंबईत आगडोंब उसळला, गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा देऊ केला, परंतु पंडितजींच्या आग्रहावरून ते थांबले. मग सुरू झाले सहा महिन्यांचे मौन. राज्य पुनर्रचनेचे विधेयक सभागृहापुढे होते, आणि मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीच्या दंडकाप्रमाणे त्यावर अर्थमंत्र्याला सरकारहून वेगळे मत उघड मांडता येत नव्हते. कंपन्यांविषयी विचारा, विम्याविषयी विचारा, उत्तर तयार. पण ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्या लोकांच्या मनात जो एकच प्रश्न होता, त्याला त्या आसनावरून उत्तर नव्हते. जूनमध्ये पंडितजींनी मुंबईतच जाहीर केले की शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात चिंतामणराव मंत्रिपद सोडून सभागृहात निवेदन करण्यास उभे राहिले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे दोन मुख्य आक्षेप. पंडितजींनी ते तिथेच खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ऑगस्टमध्ये विधेयक बदलले, विदर्भासह मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य ठरले, आणि ३१ ऑगस्टला त्याचा कायदा झाला.

आता आपले. चिंतामणरावांचे भांडण मुंबईसाठी होते, सौंसरसाठी नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता. जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे वेगळे निघाले. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी भाषिक म्हणून मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीतच होते. तहसिलीतल्या घराघरांत मराठी असली तरी जिल्ह्याच्या बेरजेत ती बुडाली. जिल्हा तोडू नये हे तत्त्व एका अर्थी समजण्यासारखे आहे; मोजणीला कुठेतरी घटक लागतोच. पण ज्या १ नोव्हेंबर १९५६ ला हा कायदा अमलात आला त्याच दिवशी, १९३१ पासून छिंदवाड्यात सामील असलेली सिवनी वेगळी काढून तिचा पुन्हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कारभाराच्या सोयीसाठी जिल्हा तुटू शकत होता. भाषेसाठी तो तुटला नाही. सौंसर-पांढुर्ण्यासाठी तो तुटला ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा, आणि तेही राज्याच्या आतल्या आत.

ज्या नागपूरच्या सचिवालयात चिंतामणराव कारभार शिकले ते सचिवालयही त्या कायद्याने गेले. नागपूरची राजधानी मोडली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले, नव्या विधानसभेची पहिली बैठक १७ डिसेंबर १९५६ रोजी भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये भरली. तोवर सौंसरच्या माणसाला राजधानीचे काम असले तर छोट्या रेल्वेने नागपूर गाठता येत असे. पुढे आमचे तारांकित प्रश्न भोपाळला जाऊ लागले, आणि त्यांची उत्तरे हिंदीतून येऊ लागली.