भुजादंड, मोटारसायकलीचा : कार्यशाळेतील फेरबदल

एंजिनातील दट्ट्याच्या वरखाली होणाऱ्या गतीचे चक्रीय गतीत रूपांतर करणाऱ्या दंडास भुजादंड म्हणतात. कारागिरांत तो ‘क्रँक’ या नावाने ओळखला जातो. जात्याच्या खुंट्यातही हेच तत्त्व आढळते : खुंटा मध्यापासून जितका दूर, तितका हाताचा फेरा मोठा. वाफ एंजिनासाठी भुजा वापरण्याचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये जेम्स पिकार्ड यांना 1780 मध्ये मिळाले.

दोन धावी मोटारसायकलीचा भुजादंड सामान्यतः जोडबनावटीचा असतो. दोन जड चकत्यांत पोलादी खीळ दाबून बसविलेली असते व तीवर संयोगदांडा रुळांच्या धारव्यावर फिरतो. दांड्याचा डोळा अखंड असल्याने धारवा झिजल्यावर सबंध भुजादंड दाबयंत्रावर उलगडावा लागतो. या दुरुस्तीतूनच फेरबदलाची विद्या निर्माण झाली. मुंबईत बनणाऱ्या लॅम्ब्रेटा स्कूटरी, म्हैसूर येथील जावा व नंतर आरएक्स 100 (1985–96) या गाड्यांमुळे ती गावोगावच्या लहान कार्यशाळांत पोहोचली.

रायगड जिल्ह्यातील (1981 पर्यंत कुलाबा जिल्हा) पेण मुंबई–गोवा महामार्गावर आहे. रोहे या मार्गापासून आत, कुंडलिका नदीकाठी वसले असून तेथे लोहमार्ग 1986 मध्ये पोहोचला. अशा ठिकाणी दुचाकी बंद पडणे म्हणजे रोजचा व्यवहार अडणे होय. शिवाय किनाऱ्याजवळच्या दमट हवेत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे धारवे गंजण्याचा संभव असतो. त्यामुळे जुना भुजादंड पुन्हा उभा करण्याच्या कौशल्यास येथे विशेष मोल आहे.

दुरुस्तीत मूळ मापे राखावयाची असतात; फेरबदलात ती बदलली जातात. आरएक्स 100 च्या सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धाव प्रत्येकी 50 मिमी. असून धारिता सु. 98 घ. सेंमी. आहे. खीळ मध्यापासून 2 मिमी. दूर नेल्यास धाव 54 मिमी. व धारिता सु. 106 घ. सेंमी. होते. मात्र दट्ट्या 2 मिमी. अधिक वर येत असल्याने सिलिंडरखाली तेवढ्याच जाडीची पट्टी द्यावी लागते, अन्यथा तो माथ्यावर आदळू शकतो. वायूची द्वारे उघडण्याच्या वेळाही बदलतात. मिनिटास 7,500 फेऱ्यांना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास 12·5 मी. वरून 13·5 मी. होतो व धारव्यांवरील भार वाढतो. जोडणीनंतर दोन्ही टोके एका रेषेत आहेत की नाही, हे तबकडी-मापकाने पाहतात, चूक मिमी.च्या काही शतांशांपलीकडे गेल्यास कंप वाढून धारवे लवकर निकामी होतात. तांब्याच्या हातोड्याने ठोकून रेषा साधणे हीच मिस्त्रीची खरी कसोटी होय.

धारिता नेहमी भुजादंडानेच वाढते असे नाही. 350 व 500 घ. सेंमी.च्या जुन्या बुलेट गाड्यांची धाव एकच, 90 मिमी. होती, फरक व्यासाचा (70 व 84 मिमी.) होता.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही मनाई स्पष्ट केली. म्हणून धाव वाढविलेले एंजिन शर्यतीच्या बंदिस्त मार्गापुरते ठेवणे इष्ट ठरते. मूळ मापास आणलेला भुजादंड मात्र जुनी गाडी चालती ठेवतो व कारागिराची विद्याही टिकवितो.