वेलदोडा (सुगंधद्रव्य)

आल्याच्या कुलातील एलेटेरिया कार्डॅमोमम या वनस्पतीच्या बियांपासून काढलेले बाष्पनशील तेल. अत्तरे, कोलोन व साबण यांत ते वापरतात. ही वनस्पती मूळची पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील. केरळातील इडुक्की हा भारतातील तिच्या लागवडीचा मुख्य जिल्हा असून विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वातेमालात गेलेल्या या पिकाने त्या देशालाही मोठा निर्यातदार बनवले. सुगंधनिर्मितीच्या पुस्तकांत वेलदोड्याची गणना ‘उबदार मसाल्यांत’ होते, परंतु ती अपुरी आहे. लवंग किंवा दालचिनी यांच्यापासून वेलदोडा वेगळा पडतो तो थंडावा आणि गोडवा यांच्या तोलामुळे. हा तोल बिघडला की तेल शुद्ध असूनही सुगंधकाराच्या उपयोगाचे राहत नाही.

तेलाची घडणच याला आधार देते. त्याचा निम्म्याहून बराच अधिक भाग बहुधा दोन घटकांचा असतो : निलगिरीच्या तेलात प्रमुख असणारे, कापरासारखे थंड १,८-सिनिओल आणि गोडसर, किंचित फुलांच्या व लाकडाच्या वासाचे अल्फा-टर्पिनिल ॲसिटेट. त्यांच्या जोडीला लिनॅलूल, लिनॅलिल ॲसिटेट, सॅबिनीन इ. घटक थोड्या प्रमाणात असतात. वासपट्टीवर थेंब टाकला की आधी नाकाला थंड झिणझिणी जाणवते. सिनिओल लवकर उडून गेल्यावर मागे गोडसर वास रेंगाळतो. मोठ्या, धुरावर वाळवलेल्या मसाला वेलदोड्याशी (ॲमोमम सुब्युलेटम) तुलना केली, तर टर्पिनिल ॲसिटेटचे महत्त्व पटते. मसाला वेलदोड्याच्या तेलात सिनिओलचे वर्चस्व असते आणि हे ॲसिटेट फारच थोडे. त्यामुळे वास औषधी वाटतो. ऊर्ध्वपातनातही हेच दिसते. सिनिओल आधी येते, ॲसिटेट मागाहून. इंधन वाचवण्यासाठी भट्टी लवकर उतरवली, तर हाती येणारे तेल थंडपणाकडे झुकते. उलट पाण्यात फार वेळ उकळल्यास ॲसिटेटचे काही अंशी विघटन होते. दाणे कुटून ठेवले तरी तेल उडते, म्हणून दाणे टरफलातच ठेवून गाळण्याच्या वेळी भरडतात.

यावर पहिला आक्षेप असा, की तोल दोनच घटकांचा असेल, तर टर्पेंटाइनपासून तयार होणारे स्वस्त टर्पिनिल ॲसिटेट आणि निलगिरीचे सिनिओल एकत्र करून काम भागेल. साबणासारख्या स्वस्त मालात ते काही प्रमाणात भागतेही. परंतु अशा मिश्रणात दोन वास शेजारी शेजारी उभे राहतात. त्यांना सांधणारे लिनॅलूल व इतर गौण घटक नसले, तर थंडाव्याकडून गोडव्याकडे होणारा सलग उतार मिळत नाही. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा : चंदन किंवा ऊद तासन्‌तास टिकतो, वेलदोडा मात्र लवकर विरतो. हे खरे आहे, पण टिकून राहणे हे त्याचे कामच नव्हे. लिंबूवर्गीय ताजेपणाला खालच्या लाकडी वासाशी जोडणे हे त्याचे काम. सुगंधकार झाँ-क्लोद एलेना यांनी कार्तिए या कंपनीसाठी १९९८ मध्ये घडवलेल्या ‘देक्लारासियाँ’ या सुगंधात वेलदोडा याच कारणाने ठळकपणे पुढे आला.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे : श्रीखंडाचा किंवा बासुंदीचा वास अंगाला कोण लावील? परंतु खाण्याच्या आणि लावण्याच्या वासांतील ही भिंत जुन्या भारतीय गंधशास्त्राने मानलेली नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या प्रकरणात, दातवणाच्या काड्या भिजवण्याच्या सुगंधी पाण्यासाठी दालचिनी व तमालपत्रासोबत एला, म्हणजे वेलदोडा, सांगितली आहे. कनौजच्या शमामासारख्या मसालेदार अत्तरांतही वेलदोडा चंदनाच्या संगतीने येतो. शिवाय पक्वान्नाची आठवण साखर व दुधाच्या वासाने घडते. चंदन, वाळा किंवा संत्र्याच्या सालीजवळ तोच वेलदोडा कोरडा आणि तरतरीत वाटतो. म्हणून तेल विकत घेताना केवळ शुद्धतेची खात्री पुरेशी नाही. सिनिओल व टर्पिनिल ॲसिटेट यांचे परस्परप्रमाण आणि गाळण्याची पद्धत पाहूनच त्याची प्रत ठरवणे योग्य.