कंटेनरमधला पासवर्ड गळतो कुठून? ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ असे सांभाळा

2021 मध्ये ‘कोडकव्ह’ या कंपनीची डॉकर इमेज बनवताना चूक झाली आणि एक क्रेडेन्शियल हल्लेखोराच्या हाती लागलं. ते वापरून त्याने कंपनीची एक स्क्रिप्ट बदलली. 31 जानेवारीपासून ही स्क्रिप्ट अधूनमधून ग्राहकांचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल परस्पर बाहेर पाठवत होती. स्क्रिप्टचा हॅश जुळत नसल्याचं एका ग्राहकाने कळवलं, तेव्हा 1 एप्रिलला हा प्रकार लक्षात आला.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून दिलेली माहिती. उदाहरणार्थ डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड, एपीआय की. कोड तोच राहतो. टेस्टिंग आणि लाइव्ह सर्व्हरवर फक्त ही माहिती बदलते.

धोका कुठे आहे?

• डॉकरफाइलमध्ये ‘एन्व्ह’ किंवा ‘आर्ग’ने दिलेला पासवर्ड इमेजसोबत फिरतो. ‘डॉकर हिस्टरी’ या कमांडने तो दिसू शकतो.
• इमेजमध्ये कॉपी केलेली फाइल पुढच्या ओळीत डिलीट केली, तरी आधीच्या लेअरमध्ये ती राहतेच.
• चालू कंटेनरचे व्हेरिएबल ‘डॉकर इन्स्पेक्ट’ने वाचता येतात.
• एरर आल्यावर काही प्रोग्राम सगळे व्हेरिएबल लॉगमध्ये छापतात.

मग करायचं काय?

• ‘डॉट ईएनव्ही’ फाइलचं नाव गिटइग्नोर आणि डॉकरइग्नोर या दोन्हींत टाका.
• पासवर्डसाठी डॉकर कंपोजची ‘सीक्रेट्स’ सोय वापरा. त्यात पासवर्ड कंटेनरला व्हेरिएबलऐवजी फाइल म्हणून मिळतो आणि ज्या सर्व्हिसला परवानगी दिली आहे, तिलाच मिळतो.
• इमेज बनवतानाच टोकन लागत असेल, तर बिल्डकिटचं ‘सीक्रेट माउंट’ वापरा. ते फक्त त्या पायरीपुरतं उपलब्ध असतं, इमेजमध्ये उरत नाही.
• कुबरनेटिसमध्ये ‘सीक्रेट’ या नावावर विसंबू नका. बेस64 हे एन्क्रिप्शन नव्हे, ते कुणीही उलगडू शकतं. साठवलेल्या सीक्रेट्सचं एन्क्रिप्शन वेगळं सुरू करावं लागतं.

पासवर्ड चुकून गिटवर गेलाच तर?

फाइल डिलीट करून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो. आधी तो पासवर्ड किंवा की रद्द करून नवी घ्या, मग साफसफाई करा. घराची किल्ली हरवली, तर आपण आधी कुलूपच बदलतो ना!