मनीऑर्डर आणि सातबारा : शिवथर खोऱ्यातील स्थलांतर आणि घर चालवणारी स्त्री

महाडच्या पूर्वेस, वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेले शिवथर खोरे समर्थ रामदासांच्या घळीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या गावांचा आणि एकूणच महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्टीचा संसार गेली शंभरेक वर्षे मुंबईतल्या पगारावर उभा राहिलेला आहे. भाताच्या खाचरांची सपाट जमीन येथे थोडी, उरलेली ‘वरकस’, म्हणजे नाचणी आणि वरीपुरती उताराची. त्यातही सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा, म्हणजे खोताचा, वाटा आधी काढावा लागे. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण तोवर गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत एक तरी पुरुष असल्याखेरीज घर चालत नाही, ही रीत पक्की झाली होती. दासगाव बंदरातून होडीने बाणकोट आणि तेथून आगबोटीने मुंबई, हा त्या पिढ्यांचा रस्ता होता.

पलटणीचा पैसा गिरणीच्या पैशाइतकाच जुना आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. त्यांच्यासारख्या महार सैनिकांच्या घरांना निवृत्तिवेतनाचा जो आधार होता, तो १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाल्यावर पुढच्या पिढीला मिळेनासा झाला, आणि मुंबईची वाट अधिकच गजबजली.

ही वाट बहुतांशी पुरुषांचीच होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. उरलेल्यांपैकी पुष्कळशा सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांत राहिल्या. घाटापलीकडील वाई तालुक्यातील सुगाव या गावाचा १९४२ ते १९८२ या काळाचा अभ्यास हेमलता दांडेकर यांनी केला, त्या ग्रंथाच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘पुरुष मुंबईत, बायका घरी’ असा होतो, आणि तो घाटाखालच्या गावांनाही तंतोतंत लागू पडतो.

घरी राहणे म्हणजे काय, हे राबाच्या कामावरून कळते. पावसाळ्याआधी रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा आणि माती असे थर पसरून ते भाजायचे, या पद्धतीला ‘राब’ म्हणतात. फांद्यांचे भारे डोंगरातून डोक्यावरून आणणे, शेणी वाहणे, भाजणीवर लक्ष ठेवणे, पुढे चिखलात वाकून लावणी आणि मग बेणणी, ही बहुतेक सारी कामे स्त्रियांच्या वाट्याची होती. नांगर तेवढा बाईने धरायचा नाही, असा रिवाज होता. त्यामुळे ज्या घरातला पुरुष जूनमध्ये रजेवर येऊ शकत नसे, तिथल्या बाईला शेजारच्या कुणाच्या तरी नांगरावर अवलंबून राहावे लागे, आणि त्याची परतफेड बहुधा लावणीच्या दिवसांत स्वतःच्या कष्टांनी करावी लागे. शेत तिच्या अंगमेहनतीवर उभे होते, तरी त्याचा पहिला तास कधी पडेल हे ती ठरवू शकत नव्हती.

पैशाचेही असेच होते. १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले आणि रोख रक्कम घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचू लागली. सोबतच्या छोट्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे: वाण्याची उधारी फेडा, बियाण्याला इतके ठेवा, म्हातारीला दवाखान्यात न्या. निरक्षर स्त्रीला अंगठा उठवून, साक्षीदारासमोर पैसे घ्यावे लागत. म्हणजे रक्कम किती आली हे तिच्याआधी पोस्टमनला आणि साक्षीदाराला कळलेले असे. शिवाय सासरा किंवा दीर घरात असला, तर मनीऑर्डर त्याच्याच नावे येण्याचा प्रघात होता. परगावच्या कमाईने स्त्रीला स्वातंत्र्य मिळते, हे आजकाल सहज केले जाणारे विधान म्हणूनच येथे जपून करावे लागते: मिळाले असेल तर ते प्रथम सासूला मिळाले. पैसे घरात कसे फिरतील हे ठरवणारी सासू आणि राबाचे भारे वाहणारी सून, दोघींचाही कमावता पुरुष एकच, पण त्याच्या गैरहजेरीचा अर्थ दोघींसाठी वेगळा होता. घाटमाथ्यावरील मुळशी भागातून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी ज्या जात्यावरच्या ओव्यांचे संकलन सुरू केले, त्यांचा संग्रह लाखाच्या पुढे गेला, आणि सासुरवासाचा विषय त्यात पुन्हापुन्हा येतो. नोंदवहीत न उतरलेली ही बाजू तेवढ्या एकाच दप्तरात शिल्लक आहे, असे म्हटले तरी चालेल.

या व्यवस्थेचा लाभ मुंबईच्या मालकांनाही झाला. बायकामुलांचे पोट गावच्या भाताने काही महिने तरी भरत असल्यामुळे पगार एकट्या माणसापुरता देऊन भागत असे. गिरणीत बायका नव्हत्या असे नाही. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्या होत्या, पण रात्रपाळीवरील बंदी, १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा आणि नवी यंत्रे यांनंतर त्यांची संख्या घटत गेली. गिरणगावात ज्यांनी टिकाव धरला, त्या अनेकजणी खानावळी चालवणाऱ्या होत्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालून त्या कमावत, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. गावाकडे पाठवलेला पैसा अशा रीतीने एका बाईच्या चुलीतून दुसऱ्या बाईच्या चुलीकडे जात होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मनीऑर्डरी थांबल्या, कित्येक पुरुष गावी परतले आणि भाताच्या त्याच तुटपुंज्या कोठाराने त्यांना पोसले. पुढच्या पिढीने बिऱ्हाडेच हलवली. नवी मुंबई, दिवा, विरार येथे सुना नवऱ्यांबरोबर गेल्या, आणि सुनेच्या या जाण्याने तिला जे मिळाले ते शंभर वर्षांच्या मनीऑर्डरींनी दिले नव्हते. खोऱ्यातल्या घरांत मागे उरल्या त्या मुख्यतः वयस्क स्त्रिया, ज्या गणपती आणि शिमग्याला चाकरमान्यांसाठी घर उघडे ठेवतात.

कागदपत्रांत मात्र बदल उलटसुलट झाला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये पात्र स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. सातबारा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा आणि पिकाचा उतारा, मात्र बहुतेक घरांत अजूनही मुलाच्या, दिराच्या किंवा दिवंगत सासऱ्याच्या नावे आहे. त्यामुळे शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये देणारी केंद्राची सन्मान योजना असो वा पीककर्ज, ते मागण्याचा हक्क विरारला राहणाऱ्या खातेदाराचा, आणि खाचराच्या बांधावर उभी राहून रोपे मोजणारी बाई सरकारी नोंदीत शेतकरी नव्हे, बहीण आहे.