पहिल्या अंकांतील होकार

नाटकाचा पहिला अंक बहुधा ओळखीपाळखींत खर्ची पडतो. पात्रें रंगभूमीवर येतात, त्यांचीं नांवगांवें कळतात, संकटाची चाहूल लागते आणि पडदा पडतो. प्रेक्षकाचें मन मात्र पुढील अंकांकडे धांवत असतें. हेरांच्या कथांत तर हें विशेषच दिसून येतें. खोट्या नांवानें केलेला प्रवास, मध्यरात्रीं शेतांत उतरणारें विमान, दारावर पडणारी थाप, यांचीच तेथें वाट पाहिली जाते. परंतु जे कोणी खऱ्या इतिहासाचे कागद चाळतात, त्यांस उलटाच अनुभव येतो. दुसऱ्या महायुद्धांत ज्या स्त्रिया इंग्लंडांतून फ्रान्समध्यें गुप्त कामगिरीवर गेल्या, त्यांच्या चरित्रांतील सर्वांत जड प्रसंग पहिल्याच अंकांत घडून जातो. आणि तो घडतो एका उघड्याबोडक्या खोलींत, एक मेज आणि दोन खुर्च्या यांच्या साक्षीनें.

१९८८ च्या जानेवारींत इंग्लंडच्या आयटीव्ही ह्या दूरचित्रवाणीवर ‘विश मी लक’ नांवाच्या मालिकेचा आरंभ झाला. लॅव्हिनिया वॉर्नर व जिल हायम ह्या दोघींची ही निर्मिति. पुढें १९९० पर्यंत तिचे तीन खंड झाले. हिची नायिका एक नसून दोन आहेत. लिझ ग्रेंजर ही सुखवस्तु घराण्यांतील विवाहिता व एका लहान मुलीची आई. मॅटी फर्मन ही लंडनच्या सामान्य वस्तींतील तरुणी. एरवीं ज्या एकमेकींच्या दारींहि गेल्या नसत्या अशा ह्या दोघी केवळ उत्तम फ्रेंच बोलतां येतें म्हणून एका सूत्रांत ओंवल्या जातात. त्यांची निवड हा मालिकेच्या आरंभाचा विषय. मालिकेंत खात्याला ‘आउटफिट’ असें मोघम नांव दिलें आहे. परंतु त्यामागचें खरें खातें ओळखावयास जाणत्या प्रेक्षकास वेळ लागत नाहीं. तेथील कर्नल कॅडोगन व त्यांची साहाय्यक फेथ अॅश्ली यांच्यामागें मॉरिस बकमास्टर व व्हेरा अॅटकिन्स हीं खरींखुरीं माणसें उभीं आहेत.

त्या खात्याचें नांव स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह. फ्रान्स पडल्यावर महिन्याभरांतच, म्हणजे १९४० च्या जुलैंत, चर्चिलच्या सरकारनें तें स्थापिलें. जर्मनांनीं व्यापलेल्या देशांत घातपात घडवून आणावे आणि तेथील लोकांच्या गुप्त प्रतिकारास शस्त्रें, पैसा व संदेशवहन पुरवावें, हें त्याचें काम. फ्रान्सकडे पाहणाऱ्या शाखेस ‘एफ सेक्शन’ म्हणत. १९४२ सालीं तिनें स्त्रियांना पाठविण्याचें ठरविलें. त्यामागें स्त्रीदाक्षिण्यहि नव्हतें आणि सुधारणेचा उत्साहहि नव्हता, व्यवहार होता. फ्रान्सचे लाखों तरुण जर्मनीच्या बंदिवासांत होते, आणि १९४३ च्या फेब्रुवारीनंतर तर उरलेल्यांना सक्तीच्या मजुरीसाठीं धरून नेण्याचा कायदाच झाला. त्यामुळें रस्त्यावर दिसणारा धट्टाकट्टा पुरुष आपोआप संशयास पात्र होई. सायकलीच्या टोपलींत भाजी घेऊन जाणाऱ्या बाईकडे शिपाई ढुंकूनहि पाहत नसे.

अडचण होती ती कायद्याची. ब्रिटिश सैन्याच्या स्त्री-शाखांतील बायकांनीं शस्त्र धरावयाचें नाहीं असा दंडक होता. म्हणून बऱ्याच जणींची नोंद ‘फर्स्ट एड नर्सिंग येओमनरी’ ह्या स्वयंसेविका-संस्थेंत करण्यांत आली. शुश्रूषेच्या नांवाखालीं पिस्तुल चालविण्याचें शिक्षण, असा तो प्रकार होता. ह्या पळवाटेनें नेमणुकीचा प्रश्न सुटला. पकडल्या गेल्यास होणाऱ्या परिणामांचा सुटला नाहीं. गणवेषावांचून शत्रूच्या मुलखांत वावरणाऱ्यास युद्धकैद्याचे हक्क मिळत नाहींत, हें सर्वांस ठाऊक होतें.

अशा स्त्रिया मिळवावयाच्या कोठून? गुप्त कामाची जाहिरात देतां येत नाहीं. येथें इतिहासानें नाटककारालाहि लाजवील असा एक योगायोग घडविला, आणि तो आकाशवाणीच्याच द्वारें. १९४२ च्या वसंतांत ब्रिटिश नौदलखात्यानें नभोवाणीवरून जनतेस आवाहन केलें कीं, ज्यांच्यापाशीं फ्रान्सच्या किनाऱ्याचीं छायाचित्रें असतील त्यांनीं तीं पाठवावीं. ओडेट सॅन्सम नांवाच्या गृहिणीनें तें ऐकलें. ती मूळची फ्रेंच, १९१२ सालीं आमियां येथें जन्मलेली. पहिल्या महायुद्धांत तिचे वडील व्हर्दन येथें कामास आले होते. इंग्रज गृहस्थाशीं विवाह करून ती इंग्लंडांत आली होती व तिला तीन मुली होत्या. बुलोनच्या आसपास काढलेलीं छायाचित्रें आपल्यापाशीं आहेत, असें तिनें कळविलें. मात्र पत्रावर पत्ता घालतांना नौदलखात्याऐवजीं युद्धखात्याचा घातला. त्या एका चुकीनें तें पत्र फिरत फिरत एफ सेक्शनच्या मेजावर जाऊन पडलें, आणि छायाचित्रांहून पत्र लिहिणारीच अधिक उपयोगाची आहे असें तेथील मंडळींस दिसून आलें. तिला भेटीस बोलावणें गेलें.

पूर्वीच्या राजनीतींत ही निवड कशी होत असे हें पाहिल्यास फरक स्पष्ट होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत परिव्राजिका नांवाच्या हेर-स्त्रीचें वर्णन आहे. ती विधवा, दरिद्री, उपजीविकेच्या विवंचनेंत असलेली, बोलण्यांत धीट आणि मोठ्यांच्या घरीं मान असलेली अशी असावी, असें तो सांगतो. गरज हीच तिची दोरी, आणि ती दोरी राजाच्या हातीं. लंडनच्या त्या खोलींत बसणाऱ्या गृहस्थाच्या हातीं अशी दोरी नव्हती. समोर बसलेल्या स्त्रीला अन्नवस्त्राची ददात नव्हती, लोभ दाखवावा असें त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें, आणि दडपण आणण्याचा त्याला अधिकारहि नव्हता.

हा गृहस्थ म्हणजे सेल्विन जेप्सन. धंद्यानें कादंबरीकार, तोहि रहस्यकथांचा. (हेरांची निवड करण्यास सरकारनें गोष्टी रचणारा मनुष्य नेमावा यांत विनोद वाटेल, परंतु माणसाच्या बोलण्यांतील खरें-खोटें ओळखण्याची संवय त्याला असणें हें स्वाभाविकच होय.) नॉर्थम्बरलंड अॅव्हेन्यूवरील व्हिक्टोरिया हॉटेल सरकारनें ताब्यांत घेतलें होतें. तेथील एका जवळजवळ रिकाम्या खोलींत तो साध्या पोषाखांत, टोपणनांवानें बसे. संभाषण इंग्रजींत सुरू होई व मध्येंच फ्रेंचकडे वळे. पाहुणीला आपण कशासाठीं आलों हें बराच वेळ उमगत नसे. मग तो हळूहळू कामाचें स्वरूप सांगे, आणि त्यापाठोपाठ धोकाहि सांगे: पकडलें गेल्यास छळ व मृत्यु. तत्काळ ‘हो’ म्हणणारांचा त्याला संशय येई. त्यानें बहुतेकींस विचारास वेळ घ्यावयास लावून पुन्हां बोलाविलें.

ओडेटनें प्रथम नकारच दिला. तीन मुलींची आई दुसरें काय सांगणार? परंतु घरीं परतल्यावर तिला स्वस्थता मिळेना. मातृभूमि परक्यांच्या टाचेखालीं असतां आपण मुलींच्या आड लपून बसलों आहों, असें तिचें मन तिला खाऊं लागलें. अखेर मुलींना मठाच्या वसतिशाळेंत ठेवून ती परत आली. तिच्या धैर्यावर पुढें चित्रपटहि निघाला व त्याला लोकांनीं गर्दी केली. तथापि मुलींची समजूत घालून त्या शाळेच्या दारांतून एकटी परत फिरणारी आई, ही त्या सर्व कथेंतील अधिक अवघड गोष्ट होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्याच खोलींत १० नोव्हेंबर १९४२ रोजीं अठ्ठावीस वर्षांची एक नाजूक मुलगी येऊन बसली. तिचें नांव नूर इनायत खान. मराठी श्रोत्यांस तिचें घराणें अगदींच परकें नाहीं. तिचे वडील सूफी गायक इनायत खान हे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे गायकवाडांच्या दरबारांतील नामांकित गवई, आणि सयाजीरावांच्या आश्रयानें १८८६ सालीं बडोद्यास जी गायनशाळा निघाली तिचे ते प्रमुख. मौलाबक्षांच्या पत्नीकडून हें घराणें म्हैसूरच्या टिपू सुलतानाशीं आपलें नातें सांगतें. नूरची आई अमेरिकन. मुलीचा जन्म १९१४ मध्यें मॉस्को येथें झाला व ती वाढली पॅरिसजवळ. वीणेसारखें हार्प वाद्य ती शिकली, मुलांसाठीं गोष्टी लिहूं लागली. त्या गोष्टी पॅरिसच्या नभोवाणीवरून मुलांना ऐकविल्या जात. जातककथांचें तिचें इंग्रजी पुस्तक १९३९ मध्यें प्रसिद्ध झालें. फ्रान्स पडतांच कुटुंब इंग्लंडांत आलें आणि ती हवाई दलाच्या स्त्री-शाखेंत बिनतारी संदेशांचें काम शिकूं लागली. तेथें अधिकारपदासाठीं मुलाखत झाली तेव्हां हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा प्रश्न निघाला. युद्ध चालू असेतों आपली निष्ठा ब्रिटनशीं, मात्र पुढें आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पक्ष घेऊं, असें तिनें तोंडावर सांगितलें. १९४२ सालीं, इकडे ‘चले जाव’ची गर्जना झाली त्याच वर्षीं, गणवेषांतील मुलीनें इंग्रज अधिकाऱ्यांपुढें असें बोलणें ही लहान गोष्ट नव्हे.

जेप्सननें तिला सर्व कांहीं सांगितलें. आपणांस गणवेषाचें संरक्षण राहणार नाहीं, पकडल्यावर जीव जाण्याचा संभव आहे, हें ऐकून ती शांतपणें ‘मला हें काम करावयास आवडेल’ अशा आशयाचें बोलली. नेहमींची पुन्हां भेटण्याची रीत त्यानें तिच्यापुरती बाजूस ठेविली व पहिल्याच भेटींत काम देऊं केलें. दुसऱ्या दिवशीं तिनें लेखी संमति पाठविली. मनांत अडखळ होती ती आईची, परंतु एवढ्या मोठ्या कार्यापुढें घरचे पाश लहान ठरतात, असा त्या पत्राचा भाव आहे. मायेनें वाढलेल्या, लाजाळू मुलीचें तें पत्र वाचतांना वाचकास क्षणभर थांबावेंच लागतें.

पुढचें शिक्षण फारसें सुखाचें झालें नाहीं. लटक्या चौकशींत ती भेदरून गेली. तिच्या बुद्धीविषयीं व ह्या कामास ती योग्य आहे कीं नाहीं याविषयीं एका शिक्षणाधिकाऱ्यानें प्रतिकूल शेरा लिहिला. बकमास्टरनें त्याच कागदावर तो शेरा वेडगळ ठरविला. दोघांचेंहि थोडें थोडें खरें होतें. कपट तिला साधत नव्हतें. धैर्य मात्र कोणास मोजतां आलें नव्हतें. बिनतारी संदेशकांची टंचाई होती, आणि त्या टंचाईनें वादाचा निकाल लावला. १६ जून १९४३ च्या रात्रीं एका लायसँडर विमानानें तिला आंजेर शहराजवळ उतरविलें. व्यापलेल्या फ्रान्समध्यें ह्या शाखेनें धाडलेली ती पहिली स्त्री-संदेशक.

ती पोहोंचली आणि आठवड्याभरांतच पॅरिसचें ‘प्रॉस्पर’ हें मोठें गुप्त मंडळ कोसळलें. त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल व त्याचे सोबती पकडले गेले. लंडननें तिला परत येण्यास सुचविलें. पॅरिसशीं संबंध राखणारें दुसरें यंत्र आतां उरलें नाहीं म्हणून ती राहिली. सुमारें १५ किलो वजनाची पेटी घेऊन घर बदलीत, केसांचा रंग बदलीत, शत्रूच्या शोधगाड्या जवळ येण्यापूर्वीं संदेश आटोपीत तिनें ऑक्टोबरपर्यंत काम रेटलें. मग फितुरी झाली आणि ती सांपडली. तिचा यंत्रसंच व संदेशांची वही जर्मनांच्या हातीं पडली.

त्या खोलींतील कराराचा विचार येथें करणें प्राप्त आहे. जेप्सननें आपल्या बाजूचा धोका लपविला नाहीं, हें त्याच्या पदरीं टाकलें पाहिजे. परंतु त्यानें जो धोका सांगितला तो शत्रूकडचा होता. खात्याच्या स्वतःच्या गाफिलपणाचा धोका कोणी सांगितला नव्हता, कारण तो कोणाच्या ध्यानींच नव्हता. नूर पकडली गेल्याची सूचना मिळूनहि लंडननें तिच्या यंत्रावरून येणारे जर्मनांचे बनावट संदेश कित्येक महिने खरे मानले. १९४४ च्या फेब्रुवारीअखेर त्या संदेशांवर विसंबून माणसें छत्रीनें उतरविण्यांत आलीं, तीं थेट शत्रूच्या हातांत. त्यांत मॅडलीन दामरमां ही एक होती. तिनेंहि कोणा अधिकाऱ्यापुढें असाच होकार दिला होता. एफ सेक्शननें ३९ स्त्रिया फ्रान्समध्यें पाठविल्या. त्यांपैकीं १३ परतल्या नाहींत.

ओडेट रेव्हन्सब्रुकच्या छळछावणींतून वांचली व मुलींना भेटली. १९४६ मध्यें तिला जॉर्ज क्रॉस मिळाला. नूरनें पॅरिसच्या कोठडींतून दोनदां निसटण्याचा प्रयत्न केला. पुन्हां पळणार नाहीं असें लिहून देण्याचें नाकारल्यावर तिला जर्मनींत फॉर्झहाइमच्या तुरुंगांत नेऊन सांखळदंडांत ठेवलें. १३ सप्टेंबर १९४४ रोजीं डाखाउ येथें तिला गोळी घातली. तिच्याबरोबर त्याच सकाळीं मारलेल्या तिघींत मॅडलीन दामरमां होती.

निघण्यापूर्वीं नूरनें व्हेरा अॅटकिन्सपाशीं एकच मागणें ठेवलें होतें: मृत्यूची पक्की खात्री होईतों आईस कांहीं वाईट कळवूं नये. त्याप्रमाणें, मुलगी खुशाल आहे अशा आशयाचीं पत्रें घरीं जात राहिलीं. युद्ध संपल्यावर अॅटकिन्सबाई स्वतः जर्मनींत जाऊन एकेकीचा माग काढूं लागल्या. नूरचा अंत नात्सव्हायलर छावणींत झाला, असें त्यांनीं प्रथम ठरविलें. तें चुकीचें होतें. फॉर्झहाइमचा धागा हातीं लागून डाखाउचें नांव निश्चित व्हावयास १९४७ साल उजाडलें.