रेतीची घडी आणि घड्याळातला स्फटिक

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. माझी सामायिकाची रेतीची घडी ४८ मिनिटांची नाही. ती ४६ मिनिटांत रिकामी होते. सासूबाईंनी दिलेली घडी, किती वर्षं तिच्यावर विश्वासून सामायिक पारलं त्याची मोजदाद नाही. कळलं ते गेल्या चातुर्मासात, आणि तेही मी दुसऱ्याची चूक काढायला गेले म्हणून.

उपाश्रयात शेजारच्या घरातली नवी सून सामायिकाला बसली होती. मनगटावर घड्याळ. मी लगेच टोकलं, "अगं, काढ ते. सेलचं घड्याळ चालत नाही, तेउकायाचा संघट्टा होतो." पोरीने मुकाट्याने काढून पर्समध्ये ठेवलं. बाहेर पडल्यावर मात्र चपला घालता घालता विचारलं, "काकू, दोष सेलचा की आतल्या दगडाचा? आत क्वार्ट्झ असतो, म्हणजे स्फटिकच ना? जीवविचारात पृथ्वीकायाच्या यादीत पहिलं नाव स्फटिकाचंच आहे."

जीवविचार मी पाठशाळेत शिकवलेला आहे. शांतिसूरींच्या त्या गाथेत पहिला शब्द स्फटिकाचा, हे मला तोंडपाठ. पण तोच स्फटिक घड्याळात बसून काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी ती भवानी पेठेतल्या आमच्या घरी आली, आम्ही माझी घडी आणि तिचं घड्याळ समोरासमोर ठेवलं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ४६ मिनिटं आणि वर काही सेकंद.

कारण साधं आहे. रेती म्हणजे बहुतांशी गारगोटीचा चुरा, आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. रोज रोज ती रेती त्या चिंचोळ्या गळ्यातून घसरते आणि काच घासते. गळा केसभर रुंद झाला की रेती लवकर उतरते. म्हणजे गंमत बघा, घडीतली रेती आणि घड्याळातला स्फटिक हे एकाच जातीचे, दोन्ही सिलिका. एक पडून वेळ मोजतो, दुसरा थरथरून. मग त्या दुसऱ्याचा इतिहास वाचायला घेतला.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, १८८० साली. जाक आणि पियेर क्युरी हे दोघे भाऊ, पियेर तेव्हा अवघा २१ वर्षांचा. त्यांनी काही स्फटिक ठरावीक दिशेने दाबून पाहिले आणि त्यांच्या पृष्ठभागावर विजेचा भार उमटतो असं दाखवलं. यालाच दाबविद्युत म्हणतात. त्यांच्या स्फटिकांत क्वार्ट्झ होता, तोरमल्ली होती, पुष्कराज होता, आणि ऊसाची साखरसुद्धा होती! आपल्या जिल्ह्यात ऊसाला काय तोटा. अंधाऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं बसून डोळे सरावू द्या, मग खडीसाखरेचा मोठा खडा अडकित्त्यात धरून फोडा. निळसर ठिणगी क्षणभर चमकते. खडा तुटताना वीज सुटते आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. मी करून पाहिलं. पहिल्या दोन खड्यांना काही दिसलं नाही, तिसऱ्याला दिसलं. (चौविहार असेल तर खडा तोंडात टाकू नका म्हणजे झालं.)

असं का होतं? क्वार्ट्झच्या आत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची मांडणी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नेमकी असते, पण गोल जिन्यासारखी वळत वर जाते. शंख जसे डावे-उजवे, तसे हे स्फटिकही डावे-उजवे असतात. अशी मांडणी दाबली की धन आणि ऋण भार एकमेकांपासून जरासे सरकतात. पुढच्याच वर्षी लिपमन यांनी गणिताने सांगितलं की याच्या उलटही घडायला हवं, वीज दिली तर स्फटिक आकुंचन-प्रसरण पावेल. क्युरी बंधूंनी तेही करून दाखवलं. घड्याळ चालतं ते या उलट्या गुणावर.

याच क्वार्ट्झने एका बाईला मोठी मदत केली. मारी क्युरी, पियेरची बायको, युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून वाहणारी अगदी बारीक वीज मोजत होत्या. त्या क्वार्ट्झच्या पट्टीला वजनं टांगायच्या, त्यातून किती भार निर्माण होतो ते ठाऊक असे, आणि त्या भाराने समोरची वीज तोलायची. अक्षरशः तराजू. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम यांचा माग लागला तो या तोलामापातून. रेडियमचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पट्टीचं कोणाला नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झच्या चकत्या वापरल्या. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत केडी यांनी रेडिओची लहर स्थिर ठेवायला क्वार्ट्झ वापरला, आणि १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅरिसन आणि हॉर्टन यांनी क्वार्ट्झचं पहिलं घड्याळ केलं. ते मनगटावरचं नव्हे, कपाटाएवढं.

खरी निकड आली दुसऱ्या महायुद्धात. प्रत्येक विमानात, रणगाड्यात बिनतारी संच, आणि प्रत्येक संचात क्वार्ट्झच्या पातळ चकत्या. त्या कोट्यवधींच्या संख्येने लागल्या. कारखान्यांत त्या कापण्या-घासण्याच्या कामाला बायका मोठ्या संख्येने होत्या. पण कच्चा माल जवळजवळ सगळा ब्राझीलमधून यायचा. कारण दगड नुसता पारदर्शक असून भागत नाही. आत भेग नको, बुडबुडा नको, आणि मुख्य म्हणजे जुळा नको. निसर्गातल्या क्वार्ट्झमध्ये डावा आणि उजवा भाग एकमेकांत गुंतलेले असतात, मग दाबल्यावर एकाची वीज दुसऱ्याची वीज खाऊन टाकते. बाहेरून बघाल तर हिऱ्यासारखा, आत जमाखर्च शून्य.

आपल्याकडे क्वार्ट्झ नाही का? भरपूर आहे. वेरूळला आपली ३० ते ३४ क्रमांकाची लेणी बघून, ३२ व्या इंद्रसभेत दर्शन घेऊन बाहेर आलात, तर पोरं हातात फोडलेले गोटे घेऊन उभी असतात. बाहेरून काळा ओबडधोबड दगड, आत चमचमणारे टोकदार स्फटिक. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालयच आहे, तिथे असे नमुने काचेआड नीट मांडलेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, थंड झाल्यावर पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपलं. पाण्यात सिलिका विरघळलेली. पाणी निवत गेलं तशी ती भिंतीवर बसत गेली आणि स्फटिक उगवले. आपले हे स्फटिक बहुतेक लहान, कारखान्याच्या कामाचे नाहीत, पण ते कसे तयार झाले हे समजून घ्या, कारण माणसाने नेमकं हेच उचललं.

क्वार्ट्झ वितळवून का बनवत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता. वितळतो तो १,७०० अंशांच्या आसपास, पण निवला की त्याची काच होते, स्फटिक होत नाही. शिवाय ५७३ अंशांना त्याची आतली मांडणीच बदलते. (या बदलाचा अभ्यास आपल्या सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला नेडुंगडी या विद्यार्थ्याबरोबर केला, १९४० साली.) म्हणून स्फटिक वाढवायचा तो त्या तापमानाच्या बराच खाली, पाण्यात, दाबाखाली. इटलीत तुरीन इथे स्पेझिया नावाच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे करून दाखवलं, पण महिनोन्महिने थांबून थोडासा थर मिळायचा. युद्धकाळात जर्मनीत नाकेन यांनी पुढची पावलं टाकली, आणि युद्धानंतर बेल प्रयोगशाळेतल्या वॉकर आणि ब्यूलर यांनी ती कृती कारखान्याजोगी केली.

कृती म्हणजे कुकरच. पोलादाचं उंच, जाड भांडं. तळाशी जाळीत शुद्ध नैसर्गिक क्वार्ट्झचे तुकडे. वर तारेला टांगलेल्या क्वार्ट्झच्या पातळ पट्ट्या, ते आपलं विरजण. मध्ये भोकांची चकती. पाण्यात कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा. झाकण घट्ट. तळ जास्त गरम, साधारण ३५० ते ४०० अंशांच्या घरात, माथा थोडा कमी. तळाचे तुकडे विरघळतात, पाणी वर चढतं, वर जरा निवल्यावर विरघळलेलं विरजणावर बसतं. घरच्या कुकरमध्ये हवेच्या दाबाच्या दुप्पट दाब होतो, इथे हजारपटीहून जास्त. आणि शिट्टी व्हायला वीस मिनिटं नाहीत, दिवसाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढ, म्हणजे चार आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. घाई केली की स्फटिक गढूळ होतो. सत्तरच्या दशकापर्यंत या वाढवलेल्या क्वार्ट्झने खाणीतल्या दगडाला मागे टाकलं.

वाढवला म्हणून लगेच वापरला असं होत नाही. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, बद्द वाजला की ठेवून देतो. तशी याची परीक्षा. प्रखर उजेडात धरून आत कण आहेत का पाहतात. आम्लात बुडवून सूक्ष्म नळ्या पडतात का ते मोजतात. क्ष-किरणांनी आतल्या मांडणीची दिशा ठरवतात, कारण कापायचा कोन चुकला तर सगळं फुकट. आणि अवरक्त किरण आरपार सोडून आत पाण्याचा अंश किती अडकलाय ते बघतात. तो अंश जास्त असला की स्फटिक घंटेसारखा घुमत नाही, माठासारखा बद्द होतो.

क्वार्ट्झची भावंडंही आहेत. सिलिकॉनच्या जागी एक आड एक ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस बसवले की बर्लिनाइट. त्याचा स्वभाव उलटा, पाणी तापलं की तो कमी विरघळतो, म्हणून त्याचं विरजण गरम बाजूला टांगावं लागतं. ॲल्युमिनियमऐवजी गॅलियम घेतलं तर ९०० अंशांपलीकडेही टिकणारा स्फटिक मिळतो. तो गरम इंजिनात दाब मोजतो, आपल्या मनगटाला त्याची गरज नाही.

मनगटावर क्वार्ट्झ आणला जपानच्या सेकोने, २५ डिसेंबर १९६९ ला. पहिल्या घड्याळाची किंमत एका छोट्या मोटारीएवढी. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घरोघरी नेला. आत दोन पायांचा इवलासा चिमटा असतो, सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? अर्धा करत जा. १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर १ उरतो, तो एक सेकंद. वाणिज्य शाखेची मी, आकडा दिसला की हात शिवशिवतो. २,८८० सेकंदांच्या सामायिकात तो चिमटा ९,४३,७१,८४० वेळा थरथरतो. आणि आपल्या नवतत्त्वात एका मुहूर्ताच्या आवलिका किती? १,६७,७७,२१६. पाठशाळेत हा आकडा आम्ही नुसता घोकला. आता अर्धा करत बसले, तर चोवीस वेळांनी तोही बरोबर १ वर आला. वही तशीच उघडी ठेवून बराच वेळ बघत राहिले.

हा चिमटाही निर्दोष नाही बरं का. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत नीट चालतो, त्याहून गरम किंवा थंड झालं की मागे पडतो. मे महिन्यात आपल्याकडे खोली ४५ अंशांपर्यंत तापली, तर भिंतीवरचं घड्याळ दिवसाला सेकंदभर मागे पडेल. माझ्या घडीने एका बैठकीत दोन मिनिटं खाल्ली, त्यापुढे हे काहीच नाही.

आता त्या पोरीचा प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे दोष दगडाचा नाही. कापलेल्या, घासलेल्या, सोड्याच्या उकळत्या पाण्यातून गेलेल्या दगडाला शस्त्र लागून गेलेलं असतं. प्रश्न सेलच्या विजेचा, आणि तिथेही सगळे एकमताचे नाहीत, तेरापंथात वीज अचित्त मानतात. पण मला वेगळंच खुपतं. पाठशाळेत मी मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं की खाणीतला दगड वाढतो, म्हणून त्यात जीव. उद्या एखादा मुलगा विचारेल, मग पोलादी भांड्यात वाढणाऱ्या स्फटिकाचं काय? तिथे तर बाहेरून थरावर थर बसतो, भिंतीला लिंपण द्यावं तसा. वेरूळच्या गोट्यातही तसाच बसला. तेव्हा 'वाढतो म्हणून' हे कारण मी आता सांगत नाही. पृथ्वीकायात जीव आहे हे ज्ञानींचं वचन आहे म्हणून मानते, एवढंच सांगते. साध्वीजींचं चातुर्मासाचं ठिकाण कळलं की त्यांना विचारणार आहे.

त्या सुनेला मी घरी बोलावून तिची माफी मागितली, टोकण्याच्या सुराबद्दल. ती अजूनही घड्याळ पर्समध्ये ठेवूनच बसते आणि वेळ माझ्याच घडीवर मोजते. रेती खाली उतरली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो आणि पारायच्या आधी आणखी पंधरा-वीस नवकार मोजतो. तुमचीही घडी जुनी असेल तर एकदा सामायिकाबाहेर घड्याळासमोर ठेवून बघा.