नाकातली गाठ आणि वर्गीकरणाचा घोळ

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या मुलांना आंघोळीसाठी तळ्यावर जावे लागत नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यातले कोणी भंडारा-गोंदियाकडे आजोळी गेले, की दुपार तलावातच जाते. हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने शेतीसाठी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि लहान बोड्या तेथे गावोगाव आहेत. त्याच पाण्यात म्हशी डुंबतात आणि मुलेही पोहतात.

नाक चोंदल्याची तक्रार वर्गात नेहमीचीच. सर्दी, अॅलर्जी, वाकडा पडदा ही त्याची नेहमीची कारणे. पूर्व विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडात मात्र आणखी एक कारण आढळते. बहुधा एकाच नाकपुडीत लालसर, मऊ गाठ वाढते. तिच्यावर रव्यासारखे पांढरे ठिपके असतात आणि जरा धक्का लागला की रक्त येते. या रोगाचे नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. पांढरा ठिपका म्हणजे रोगकारक जीवाची बीजाणूंनी भरलेली पिशवी. एकेका पिशवीत हजारो बीजाणू असतात.

हा जीव आहे तरी कोण? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१९०० साली ब्यूनस आयर्समध्ये गिलेर्मो सीबर यांनी आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. त्यांना तो प्राण्यांच्या शरीरात राहणारा एकपेशीय आदिजीव वाटला. १९०३ मध्ये ओ'किनेली यांनी कलकत्त्याच्या रुग्णातील अशाच गाठीची माहिती दिली. १९२३ मध्ये एडिंबरोचे प्राणिशास्त्रज्ञ अॅशवर्थ यांनी त्याचे जीवनचक्र बारकाईने अभ्यासले. जाड भित्तिका आणि बीजाणूंची पिशवी पाहून त्यांनी त्याला बुरशींमध्ये बसवले. ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले आणि पाठ्यपुस्तकांत तो बुरशीच्या प्रकरणात गेला.

अडचण अशी, की अॅशवर्थ यांच्याजवळ पुरावा होता तो दिसण्याचा. एरवी बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तपासता येते. हा जीव मात्र कृत्रिम माध्यमावर वाढतच नाही. आजही त्याची खात्रीलायक वाढ साधलेली नाही. दरम्यान, बुरशीवरची औषधे या रोगावर फारशी चालत नाहीत, हा डॉक्टरांचा अनुभव होता.

१९९९ मध्ये संशोधकांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांच्या घडणीची माहिती देणाऱ्या जनुकातील अक्षरक्रम त्यांनी ताडून पाहिला. ऱ्हायनोस्पोरिडियमचे जवळचे नातलग निघाले मासे आणि बेडूक यांच्या अंगावर जगणारे काही सूक्ष्म परजीवी! प्राणी आणि बुरशी यांच्या वाटा जेथे फुटल्या, त्याच्या जवळपासची ही शाखा आहे. तळ्यात आंघोळ करणाऱ्यांना हा रोग जास्त का होतो, याचाही या नात्याशी चांगला मेळ बसतो.

आजही मुख्य उपाय शस्त्रक्रियेचाच. गाठ काढून तिचे बूड डागतात. काही वेळा डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचे औषधही देतात. तरीही गाठ पुन्हा येऊ शकते, आणि मग मुलाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणून ती लहान असतानाच ओळखली जाणे महत्त्वाचे. वर्गातील मुलाचे एकच नाक सतत चोंदत असेल आणि त्यातून वरचेवर रक्त येत असेल, तर पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला सांगावे. त्या मुलाला वेगळे मात्र बसवू नये. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत असल्याचे आढळलेले नाही.

सजीवांचे वर्गीकरण शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. नाव सांगण्याआधी फक्त लक्षणे फळ्यावर लिहावीत: जाड भित्तिका, बीजाणू, पाण्याशी संबंध. मग विचारावे, ‘याला कोठे बसवाल? आणि खात्री करायला आणखी काय तपासाल?’ बहुतेक विद्यार्थी अॅशवर्थ यांच्यासारखेच उत्तर देतील. त्यांना चूक ठरवण्याची घाई करू नये; दुसऱ्या प्रश्नावर वर्गाला थोडा वेळ द्यावा.